शिवावे कोठे, सोडावे कोठे? : लावणीच्या नऊवारी पोशाखाची घडण



ढोलकीवर थाप पडते, तुणतुण्याची तार बोलू लागते आणि नर्तकी दोन्ही हातांनी पदर डोक्यामागे उंच ताणून धरते. लावणीची ही मुद्रा ओळखत नाही असा माणूस महाराष्ट्रात विरळाच. भित्तिपत्रकांवर, चित्ररथांवर, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ती सर्वत्र दिसते. पाहणाऱ्याची दृष्टी पदरावर, चेहऱ्यावर आणि घुंगरांवर खिळलेली असते. परंतु ही तीनही ज्या आधारावर उभी असतात, तो आधार सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तो असतो कमरेशी खोचलेल्या निऱ्यांत आणि पाठीमागे घट्ट ओढून बसविलेल्या कासोट्यात. तो सैल झाला की पाय अडखळतो, लय चुकते आणि शेकडो डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या कलावतीचे मन नृत्यातून निघून वस्त्र सावरण्यात गुंतते. पोशाख अंगावर आहे याचा नर्तकीला विसर पडावा, ही चांगल्या पोशाखाची पहिली कसोटी होय.

गेल्या काही दशकांत रंगमंचावर नेसण्याच्या नऊवारीची जागा बऱ्याच अंशी शिवलेल्या नऊवारीने घेतली आहे. शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलने, युवक महोत्सव, लोकनृत्याच्या स्पर्धा, इतकेच नव्हे तर व्यावसायिक कार्यक्रम यांतही ती रूढ झाली आहे. या बदलाकडे दोन टोकांच्या दृष्टींनी पाहिले जाते. एक पक्ष म्हणतो, शिवलेली नऊवारी म्हणजे परंपरेचा अपभ्रंश होय. दुसरा म्हणतो, पाच मिनिटांत चढविता येणारा पोशाख हाताशी असताना नेसण्याचा खटाटोप कशासाठी करावयाचा? या वादात खरा प्रश्न मात्र बाजूला राहतो. तो प्रश्न असा की, लुगडे शिवावयाचे ठरले, तर त्याचा कोणता भाग शिवावा आणि कोणता मोकळा सोडावा? या एका प्रश्नाच्या उत्तरावर पोशाखाचे, आणि काही अंशी त्या कलेचेही, यश अवलंबून आहे.

एका वस्त्राची तीन कामे

नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. पन्ना साधारण पंचेचाळीस ते पन्नास इंच. एवढे लांब, न कापलेले, न शिवलेले एक सलग वस्त्र अंगाभोवती अशा रीतीने गुंडाळले जाते की, त्यातून तीन कामे साधतात. कमरेभोवतीचा वेढा आणि गाठ हा त्याचा पाया. समोरच्या निऱ्या आणि त्यांतून दोन पायांमधून मागे नेऊन खोचलेला कासोटा, हे त्याचे दुसरे अंग. त्यामुळे दोन्ही पाय स्वतंत्र होतात. तिसरे अंग म्हणजे पदर. तो छातीवरून खांद्यावर जातो, डोईवर येतो, कधी कमरेला खोचला जातो.

लुगड्याची ही रचना मुळात नृत्यासाठी झालेली नाही. भातलावणीच्या चिखलात वाकणारी, डोईवर पाटी घेऊन बाजाराची वाट चालणारी, जात्यावर बसणारी स्त्री हेच वस्त्र नेसून दिवसभर राबत असे. वाकणे, बसणे, पाऊल लांब टाकणे या गोष्टी त्यात सहज होत. लावणीला हे वस्त्र मानवले, ते या मूळच्या गुणामुळे. शृंगाराचा साज त्यावर नंतर चढला.

नऊवारी हा शब्द एक असला, तरी नेसण्याची तऱ्हा एक नाही. कोळी स्त्रियांचे लुगडे गुडघ्यापाशी आखूड आणि अंगासरशी घट्ट असते. होडीतून उतरताना आणि मासळीच्या पाट्या उचलताना खाली लोंबणारे वस्त्र त्यांना परवडणारे नव्हते. घाटावरील शेतकरी स्त्रीचे नेसणे वेगळे, ब्राह्मण घरांतील नेसणे वेगळे. कोळीनृत्यासाठी लावणीचा घोळदार पोशाख चढविणे किंवा लावणीसाठी कोळी पद्धतीचे आखूड लुगडे वापरणे, ही दोन्ही सारखीच चूक होय. पोशाखाचा आराखडा करणाऱ्याने प्रथम विचारले पाहिजे, हे वस्त्र कोणाचे, आणि ती स्त्री दिवसभर काय करीत असे?

फडावरचे लुगडे

तमाशाच्या फडावर एके काळी स्त्रीची भूमिका पुरुषच करीत. नाच्या पोऱ्या लुगडे नेसून उभा राहत असे. पुढे पवळाबाईंसारख्या स्त्री-कलावती फडावर आल्या आणि लावणीचे रूप पालटले. त्या काळी पलित्यांच्या आणि मशालींच्या, आणि नंतर गॅसबत्तीच्या उजेडात खेळ होत. उजेड थोडा, प्रेक्षक दूरवर पसरलेले. अशा वेळी गडद रंगाचे अंग आणि त्याच्या उलट रंगाचा ठळक काठ यांचा मोठा उपयोग होई. पाय कोठे पडला, गिरकी कोठे थांबली, हे काठाच्या रेषेवरून लांबच्या प्रेक्षकालाही कळत असे.

लावणीच्या प्रकारांप्रमाणे वस्त्राकडून असलेली अपेक्षाही बदलते. पद्मश्री यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांनी ज्या बैठकीच्या लावणीला प्रतिष्ठा मिळवून दिली, तिच्यात अदाकारी बसून केली जाते. तेथे पदराचा एक कोपरा, मनगटाची एक वळणदार हालचाल, नजर आणि आवाज यांतून सारा अर्थ उभा राहतो. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांनी गाजविलेल्या ढोलकी फडावर मात्र सारा रंगमंच व्यापणारे पदन्यास, गिरक्या आणि ठेका यांचे राज्य असते. पहिल्या प्रकारात पोशाखाने हाताला साथ द्यावयाची असते, दुसऱ्यात पायाला. एकाच मापाचा आणि एकाच घडणीचा तयार पोशाख दोन्हींना सारखाच शोभेल, असे मानणे म्हणजे दोन्ही प्रकार न समजणे होय.

आराखड्याआधीचा अभ्यास

वेशभूषेचे काम कागदावर चित्र काढण्यापासून सुरू होत नाही. ते पाहण्यापासून सुरू होते. कोल्हापूरच्या कन्या भानू अथैया (१९२९–२०२०) यांना ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. जॉन मोलो हे त्या पारितोषिकाचे सहमानकरी होते. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. ‘लेकिन’ (१९९०) आणि ‘लगान’ (२००१) या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही लाभले. काळ वेगळा, प्रदेश वेगळा, माणसे वेगळी, तरी या चित्रपटांतील वस्त्रे त्या माणसांच्या अंगावर रोजची वाटतात. अभ्यासाचे फळ ते हेच.

लावणीच्या पोशाखासाठी हा अभ्यास तीन ठिकाणी करावा लागतो. पहिले ठिकाण म्हणजे रोज लुगडे नेसणारी वयस्क स्त्री. तिच्याकडून नेसणे एकदा नव्हे तर चार वेळा पाहावे. निऱ्या किती घेते, कोणत्या बोटांवर घेते, कासोट्याचा काठ मागे कोणत्या बाजूला ठेवते, हे टिपून घ्यावे. दुसरे ठिकाण म्हणजे तालमीची जागा. नर्तकी कोठे बसते, कोठे गुडघा टेकते, पदर किती वेळा आणि किती उंच उचलते, याची नोंद करावी. तिसरे ठिकाण म्हणजे प्रत्यक्ष प्रयोगाचा रंगमंच. त्याची खोली, प्रेक्षकांचे अंतर आणि प्रकाशयोजना पाहावी.

प्रकाशाचा विचार तर आवर्जून केला पाहिजे. दुकानातील पांढऱ्या उजेडात मनात भरलेले हिरवे लुगडे लाल प्रकाशात काळपट दिसते. निळ्या रंगाचे तेज पिवळ्या प्रकाशात उतरते. म्हणून कापडाचा नमुना शक्य असेल तर प्रयोगाच्या दिव्यांखाली धरून पाहावा. तसेच बारीक बुट्टी शेवटच्या रांगेतून दिसत नाही. तेथवर पोहोचतो तो तीन-चार इंचांचा काठ आणि अंगाच्या रंगाशी असलेला त्याचा विरोध. जरीच्या आणि टिकल्यांच्या चकाकीने डोळे दिपतात, परंतु हालचालीची रेषा हरवते. समूहनृत्यात तर सर्वांगी चकाकी म्हणजे रेषांचा गोंधळच.

कापडाची निवड

लावणीच्या नर्तकीला घाम येतो, आणि तो भरपूर येतो, ही साधी गोष्ट कापड निवडताना पुष्कळदा विसरली जाते. सुती कापड घाम शोषते आणि अंगाला धरून राहते. कृत्रिम धाग्याचे गुळगुळीत कापड स्वस्त, हलके आणि चमकदार असते, ते चुरगळतही नाही. परंतु त्यात अंग तापते, निऱ्या घसरतात आणि कासोटा जागेवर ठरत नाही. केवळ अल्प खर्चाचा विचार करून घेतलेला असा पोशाख नर्तकीच्या अंगावर दीड-दोन तास राहणार असतो, याची जाणीव ठेवावी.

इरकली लुगडे या कामाला फार उपयोगी पडते. आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात असलेल्या इलकल गावाचे हे वस्त्र महाराष्ट्राच्या घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. त्याचे अंग सुती, पदर लाल रेशमी आणि त्यावर पांढरी नक्षी. पदराचे उभे धागे अंगाच्या उभ्या धाग्यांत एकेक फासा अडकवून जोडलेले असतात. हा जोड हेच त्या वस्त्राचे वैशिष्ट्य. म्हणून जोडाच्या ओळीवर टाचणी टोचू नये किंवा टीप मारू नये. सोलापूरची सुती लुगडीही या कामी चांगली. पैठणीची गोष्ट वेगळी. पैठण आणि येवले येथील विणकर हातमागावर महिनोन्‌महिने बसून जे वस्त्र विणतात, त्याला रंगमंचाच्या हौसेसाठी कात्री लावू नये. पैठणीचा डौल हवाच असेल, तर ती नेसावी. शिवावयाची झाली, तर तशा धाटणीच्या काठाचे साधे कापड घ्यावे.

कापड कापण्यापूर्वी ते रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवावे. हातमागाचे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. काठ आणि अंग सारखेच आटतील, याचा भरवसा नसतो. न भिजविता शिवलेल्या पोशाखाचा काठ पहिल्या धुलाईनंतर चुण्या घेऊन बसतो. रंग पक्का आहे की नाही, हे पाहण्यासाठी ओल्या पांढऱ्या फडक्याने काठ जोराने पुसून पाहावा. फडक्याला रंग लागला, तर तो घामातही उतरणार आणि चोळीला लागणार, हे निश्चित.

माप आणि कापणी

मापे घेताना नर्तकीला केवळ ताठ उभे करून भागत नाही. कंबर, नितंबांचा घेर, कमरेपासून घोट्यापर्यंतची लांबी ही मापे उभे राहून घ्यावीत. परंतु पुढच्या कमरेपासून दोन पायांमधून मागच्या कमरेपर्यंतचे आसनाचे माप उभे राहून, अर्धे बसून आणि एक पाय लांब टाकून असे तीन वेळा घ्यावे. तिन्ही मापे वेगवेगळी येतात. त्यांतील सर्वांत मोठे माप धरावे आणि त्यावर तीन इंच सैलपणा ठेवावा. रंगमंचावर पोशाख उसवतो तो बहुधा आसनापाशी, आणि त्याचे कारण बहुधा हेच की, माप उभ्या अंगाचे घेतलेले असते.

मध्यम बांध्याच्या नर्तकीसाठी नऊ वारांची विभागणी स्थूलमानाने अशी करता येते. पदरासाठी पावणेतीन वार, दोन्ही पायांसाठी प्रत्येकी सव्वा वार मिळून अडीच वार, समोरच्या निऱ्या आणि कासोटा यांसाठी सलग तीन वार. उरलेला पाऊण वार नेफा, मियानी आणि राखून ठेवावयाचे कापड यांसाठी.

पायांचे दोन तुकडे कापताना एक नियम कटाक्षाने पाळावा. लुगड्याचा काठ खाली, घोट्याकडे येतो. तो कधीही कापू नये, दुमडू नये. उंची कमी-जास्त करावयाची ती वरच्या बाजूस, कमरेशी करावी. खालचा काठ घोट्याला बांधलेल्या घुंगरांच्या पट्ट्याच्या वरच थांबला पाहिजे. घुंगरात अडकलेला एक धागा नर्तकीला तोंडघशी पाडू शकतो.

दोन्ही पायांचे तुकडे आसनाशी जोडताना मध्ये पाच-सहा इंचांचा चौकोनी तुकडा, म्हणजेच मियानी, तिरकी बसवावी. चार शिवणी एका बिंदूत येऊन मिळाल्या की सारा ताण त्या बिंदूवर येतो. मियानीमुळे तो ताण चारही बाजूंना वाटला जातो. येथे दुहेरी टीप मारावी आणि आतून मऊ सुती पट्टी लावावी. शिवलेल्या नऊवारीतील खरे शिवणकाम ते हेच. बाहेरून ते दिसत नाही, आणि दिसूही नये.

कमरेला केवळ नाडीवर विसंबून चालत नाही. नेफ्याच्या आत दोन इंच रुंदीचा जाड सुती पट्टा घालावा, तो हुकांनी घट्ट करावा आणि नाडी जोडीला ठेवावी. एक आधार सुटला, तर दुसरा असावा. वरून येणारा कंबरपट्टा ही सारी रचना झाकून टाकतो.

समोरच्या निऱ्यांसाठी तीन वारांच्या सलग तुकड्यातील दोन वार घ्यावेत. त्यांत चार-साडेचार इंचांच्या दुमडीच्या आठ निऱ्या बसतात. निऱ्या वरच्या बाजूस कमरेपाशी सहा इंचांपर्यंतच टाचाव्यात, खाली त्या पंख्याप्रमाणे उलगडल्या पाहिजेत. गिरकी घेताना काठाच्या रेषा वर्तुळात फिरतात, ते सौंदर्य या मोकळेपणाचे असते. काही ठिकाणी निऱ्या खालपर्यंत इस्त्री करून पक्क्या टीप मारून शिवल्या जातात. असा पोशाख खुंटीवर टांगलेला छान दिसतो, परंतु रंगमंचावर तो पुठ्ठ्यासारखा उभा राहतो.

उरलेल्या एक वाराचा कासोटा होतो. त्यासाठी वेगळा तुकडा मागे चिकटविण्याची पद्धत सोयीची, पण खोटी. नेसलेल्या लुगड्यात कासोटा निऱ्यांतूनच निघतो आणि मागे जातो. शिवलेल्या पोशाखातही तो तसाच, त्याच कापडातून, दोन पायांमधून मागे न्यावा आणि कमरेच्या पट्ट्याला दोन मजबूत हुकांनी अडकवावा. आतील आसनाने सारा भार घेतलेला असल्यामुळे कासोट्यावर ताण येत नाही. तो काढता-घालता येतो, बैठकीच्या लावणीसाठी किंचित सैलही करता येतो.

चोळी

लुगड्याला जोड खणाच्या चोळीची. बागलकोट जिल्ह्यातीलच गुळेदगुड्ड येथे विणला जाणारा खण त्यासाठी प्रसिद्ध आहे. खणाचा काठ दंडाभोवती आणि पाठीवर येईल अशी कापणी करण्याची जुनी रीत आहे. रंगमंचावर हा काठ हाताची हालचाल अधोरेखित करतो.

चोळी बेतताना सर्वांत महत्त्वाची जागा काखेची. दोन्ही हात डोक्यावर नेऊन पदर धरण्याची मुद्रा शंभर वेळा करावयाची असते. बाही अंगाला सरळ जोडली, तर हात उचलताच सारी चोळी वर ओढली जाते. जुन्या चोळीत काखेत वेगळा तुकडा बसविलेला असे, तो याचसाठी. तो तुकडा तीन ते साडेतीन इंचांचा, तिरक्या धाग्याचा असावा, म्हणजे तो ताणाला थोडा जागा देतो. पुढे गाठ मारण्याची पद्धत दिसावयास हवी असेल, तर गाठ शोभेपुरती ठेवून आत हूक लावावेत. आतून मऊ सुती अस्तर घालावे आणि काखेत वेगळी काढता येणारी पट्टी टाचावी. घामाने भिजलेली पट्टी रोज बदलता येते, सारी चोळी रोज धुवावी लागत नाही.

पदर : लांब आणि मोकळा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आसन शिवले, कंबर शिवली, काख शिवली. जेथे भार आहे, तेथे टीप पडली. पदराला मात्र टीप नको.

तयार मिळणाऱ्या पुष्कळशा पोशाखांत पदराच्या घड्या पक्क्या शिवून तो खांद्याशी जोडलेला असतो. कापड वाचविण्यासाठी तो आखूडही केलेला असतो. नेसण्याचा वेळ वाचतो, हे खरे. परंतु लावणीत पदर हे केवळ वस्त्र नाही, ती भाषा आहे. लाज, रुसवा, आव्हान, विनवणी, थट्टा या साऱ्यांसाठी नर्तकी पदराकडे हात नेते. तो तोंडाशी धरते, बोटाला गुंडाळते, कमरेला खोचते, दोन हातांत ताणून चेहऱ्यामागे महिरप करते. शिवलेला आखूड पदर यांपैकी काहीच करू देत नाही. मग नर्तकी पदराविना अदा करू पाहते, हावभाव मोठे होतात, आणि सूचकतेची जागा अंगविक्षेप घेतात. लावणी भडक झाली, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. त्या भडकपणाची कारणे अनेक असतील, परंतु त्यांतील एक कारण शिंप्याच्या टेबलावरही आढळते.

म्हणून पदर पावणेतीन वारांचा, सलग आणि मोकळा असावा. तो कमरेशी डाव्या बाजूस एकाच ठिकाणी पक्का करावा आणि खांद्यावर आतून एका टिचबटणाने अडकवावा. हाताने ओढताच बटण सुटले पाहिजे. टाचणी लावल्यास पदर फाटतो किंवा अंगाला टोचते. पदराच्या घड्या नर्तकीने स्वतः घालाव्यात. तेवढे नेसणे तिच्या हाती राहू द्यावे. तेवढ्यानेही वस्त्राशी तिचा परिचय होतो.

तालीम हीच परीक्षा

पोशाख शिवून झाला म्हणजे काम संपले, असे नाही. प्रयोगाच्या किमान आठ दिवस आधी तो नर्तकीच्या अंगावर चढवून, घुंगरांसह, पूर्ण लावणी करून पाहावी. प्रथम कच्च्या धावदोऱ्याने जोडलेल्या पोशाखात एक तालीम व्हावी आणि पक्की टीप त्यानंतरच मारावी. कोठे ओढ बसते, कोठे कापड गोळा होते, कासोटा किती सरकतो, हे तालमीतच कळते. नर्तकीने “येथे अडते” असे सांगितले की वेशभूषाकाराने वाद घालू नये. वस्त्र कसे आहे, हे ज्याच्या अंगावर ते आहे त्यालाच अधिक कळते.

प्रत्येक शिवणीत किमान एक इंच माया ठेवावी. आपल्या शिवणकामातील हा शब्द फार अर्थपूर्ण आहे. पोशाख एकीसाठी शिवला, तरी पुढच्या वर्षी तो दुसरीच्या अंगावर जातो. शाळेत तर हे ठरलेलेच. माया असली की उसवून मोठा करता येतो. नसली की नवा शिवावा लागतो. राखलेले अर्धा वार कापड त्याच पेटीत ठेवावे, पुढे ठिगळ लावण्यास त्याच रंगाचे, तितक्याच धुतलेले कापड सापडते.

प्रयोगानंतर ओला पोशाख घडी करून पेटीत कोंबू नये. तो उलटा करून सावलीत वाळवावा. जरीचा काठ असल्यास त्यावर अत्तर शिंपडू नये. पेटीत डांबराच्या गोळ्या थेट कापडावर न ठेवता फडक्यात बांधून ठेवाव्यात. वर्षातून दोनदा घड्या बदलाव्यात, नाही तर घडीच्या ओळीवरच कापड विरते.

कात्री लावण्यापूर्वी

अनेक घरांतून आजीचे किंवा पणजीचे जुने लुगडे शिंप्याकडे पोशाख करण्यासाठी दिले जाते. त्यामागील भावना चांगली असते, परंतु परिणाम चांगला होत नाही. जुने सूत विरलेले असते, नृत्याचा ताण त्याला सोसत नाही, आणि एकदा नऊ वारांचे तुकडे झाले की ते पुन्हा लुगडे होत नाही. असे लुगडे कापण्याऐवजी ते नेसून पाहावे, त्याच्या काठाचा, रंगसंगतीचा आणि पदराचा नमुना उतरवून घ्यावा आणि तो घेऊन विणकराकडे जावे. एक जुने लुगडे अशा रीतीने दहा नव्या लुगड्यांना जन्म देऊ शकते.

येथे वेशभूषेचा संबंध हातमागाशी आणि रोजगाराशी येऊन पोहोचतो. नऊवारी रोज नेसणाऱ्या स्त्रियांची संख्या पिढीगणिक घटत गेली. त्यामुळे नऊ वारांच्या लुगड्याला पूर्वीसारखे गिऱ्हाईक राहिले नाही. रंगमंच, लग्नसमारंभ आणि सणावारांची हौस यांनी त्याला नवे गिऱ्हाईक दिले आहे. नऊवारी शिवून देणे हा गावोगावी स्त्रियांचा घरगुती व्यवसाय झाला आहे. या हातांना मियानी, कासोटा आणि मोकळा पदर यांचे शास्त्र मिळाले, तर त्यांच्या कामाला किंमत येईल. शाळांनी आणि नृत्यसंस्थांनी चकाकीऐवजी हातमागाचे सूत मागितले, तर मागावर बसलेल्या माणसाला काम मिळेल. पोशाख टिकतो किती वर्षे, याचा हिशेब केल्यास तो महागही पडत नाही.

कलावतीचा मान

शेवटी एक गोष्ट विसरता येत नाही. लावणीच्या कलावतींनी लोकांची दाद भरपूर मिळविली, पण मान मात्र त्यांना पुष्कळ काळ मिळाला नाही. त्यांच्या वस्त्राकडे कलेचे साधन म्हणून पाहणारे डोळे थोडे होते. अशा कलावतीला उसवणारा, घसरणारा, अंगाला लागणारा पोशाख देणे म्हणजे तिला ऐन रंगमंचावर एकटे पाडणे होय. आसनाची दुहेरी टीप ही तिच्या निर्धास्तपणाची हमी आहे, आणि मोकळा पदर हा तिच्या बोलण्याचा हक्क आहे.

शिवलेली नऊवारी खोटी आणि नेसलेली खरी, असा निवाडा करण्याचे कारण नाही. राबणाऱ्या स्त्रीच्या अंगावर जे वस्त्र तिच्या पायांना मोकळीक आणि हातांना साथ देत आले, तेच काम रंगमंचावरच्या पोशाखाने केले, तर तो परंपरेचाच आहे, मग त्यात दहा टिपा असोत की शंभर. वेशभूषाकाराने सुई हाती घेण्यापूर्वी लुगडे नेसणाऱ्या एखाद्या आजीबाईंच्या समोर बसावे आणि त्यांचे हात पाहावेत. कोठे घट्ट ओढावयाचे आणि कोठे हलकेच सोडावयाचे, हे ते हात न बोलता सांगतात.